योगक्षेम कोणी वाहावा? : नगर जिल्ह्यातून दिसणारा निवृत्तिवेतनाचा इतिहास

नेवाशाला प्रवरेच्या काठी एक खांब उभा आहे. ज्ञानदेवांनी त्याला टेकून भावार्थदीपिका सांगितली, अशी परंपरेची श्रद्धा. ग्रंथसमाप्तीचा शक १२१२, म्हणजे इ. स. १२९०. दुर्गाबाई भागवतांच्या ‘पैस’ या पुस्तकामुळे आधुनिक मराठी वाचकालाही हा खांब ठाऊक आहे. तिथे सांगितल्या गेलेल्या नवव्या अध्यायात ‘योगक्षेम’ हा शब्द येतो. भाष्यकारांनी त्याची फोड अशी केली आहे : जे मिळालेले नाही ते मिळणे म्हणजे योग, आणि जे मिळाले आहे ते टिकणे म्हणजे क्षेम. अनन्यभावाने चिंतन करणाऱ्याचे हे दोन्ही भार देव स्वतः वाहतो, असे त्या श्लोकाचे आश्वासन आहे.

हाच श्लोकांश भारतीय आयुर्विमा महामंडळाने ब्रीद म्हणून स्वीकारला आणि मुंबईतील आपल्या मुख्यालयाला ‘योगक्षेम’ हेच नाव दिले. भक्तीच्या परिभाषेतला शब्द विम्याच्या कागदावर यावा याचे अनेकांना हसू येते. आम्हांला मात्र या योगायोगात एक गंभीर प्रश्न दिसतो. देवाने घेतलेला हा भार इतिहासात प्रत्यक्षात कोणी कोणी उचलला? वतनाने, धन्याने, सरकारने, कंपनीने, मुलाने? आणि तो उचलणारा निवडण्याचा अधिकार ज्याचा भार त्याला होता का?

हा प्रश्न आमच्या मनात आला तो एका अगदी साध्या निमित्ताने. आमच्या वर्तुळातील काही जण साहित्याचे अध्यापन करतात. त्यांतले बरेचसे वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवत राहिले. सेट-नेट झाले, प्रबंध झाले, नेमणूक झाली नाही. पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्यांच्यापैकी एकाने राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचा अर्ज आणला आणि टेबलावर ठेवला. त्यात एक रकाना होता : निधी-व्यवस्थापकाची निवड. समोर दहाएक संस्थांची नावे. कादंबरीतील निवेदकाच्या विश्वासार्हतेवर तासभर बोलू शकणारी मंडळी त्या रकान्यापाशी थबकली. ही निवड करण्याची पाळी इतिहासात आपल्यावर नेमकी केव्हा आली, याचा शोध घ्यावा असे त्या संध्याकाळी ठरले. हा लेख म्हणजे त्या शोधाचे टिपण आहे.

वतन, वर्षासन आणि बालपरवेशी

निवृत्तिवेतन ही इंग्रजांनी आणलेली वस्तू, असा आपला सर्वसाधारण समज असतो. शब्द त्यांचा आहे हे खरे. ‘पेन्शन’च्या मुळाशी तोलणे, मोजून देणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. पण वस्तू आपल्याकडे वेगवेगळ्या नावांनी होती. गावच्या पाटील-कुलकर्ण्यांना वतन होते, बलुतेदारांना बलुते होते; विद्वान, वैदिक, देवस्थाने यांना वर्षासने होती; लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांसाठी ‘बालपरवेशी’ची नेमणूक होत असे. मराठी कागदपत्रांत हे शब्द ज्या सहजतेने येतात त्यावरून ही व्यवस्था अपवादात्मक नव्हती हे उघड आहे.

या व्यवस्थेत उतारवय हा वेगळा प्रश्नच नव्हता. वतन हे माणसाचे नसून घराण्याचे असे. बाप थकला की मुलगा चाकरीला उभा राही आणि उत्पन्न चालू राही. ‘निवृत्ती’ ही आध्यात्मिक अवस्था होती, आर्थिक नव्हती. निवृत्तिनाथांच्या नावात वेतनाचा संबंध कोणाच्या स्वप्नातही आला नसता. मध्यम वयात बसून ‘आता म्हातारपणाची तजवीज करू’ असे म्हणण्याची गरज वतनदाराला नव्हती आणि ज्याला वतन नव्हते त्याला तशी सोय नव्हती. या दुसऱ्या वर्गाचा, म्हणजे बहुसंख्येचा, इतिहास दप्तरांत फारसा नोंदलेला नाही हे विसरून चालणार नाही. बालपरवेशीचे कागद आहेत; ज्याला बालपरवेशी मिळाली नाही त्याचा कागद कुठून असणार?

यातही निवड होती, पण ती धन्याची. कोणाच्या पदरी राहायचे हे ठरले की म्हातारपण कोणाच्या भरवशावर काढायचे हेही ठरत असे. नगरसारख्या प्रदेशात ही निवड धोक्याचीच होती. निजामशाही, मोगल, पेशवे, शिंदे असे धनी या किल्ल्याने पाहिले. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने तो घेतला. धनी बदलला की सनद नव्याने करून घ्यावी लागे. भार वाहणाराच नाहीसा होण्याची भीती आज आपण बँकांच्या संदर्भात अनुभवतो; ती भीती जुनी आहे.

ब्रह्मावर्ताचे आठ लाख

१८१८ साली दुसऱ्या बाजीरावाने माल्कमपुढे शरणागती पत्करली आणि सालिना आठ लाख रुपयांच्या नेमणुकीवर तो ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. बाजीराव त्या वेळी चाळिशीच्या थोडा पुढे होता. मध्यम वयात सुरू झालेले हे मराठी इतिहासातील सर्वांत गाजलेले पेन्शन म्हणता येईल. पेन्शन देणारा त्याने निवडला नव्हता. पराभवाने निवडून दिला होता. तो त्यानंतर बत्तीसहून अधिक वर्षे जगला. १८५१ च्या जानेवारीत त्याचे निधन झाले आणि दत्तकपुत्र नानासाहेबाला ती नेमणूक पुढे चालू ठेवण्यास कंपनी सरकारने नकार दिला. नेमणूक वंशपरंपरागत की हयातीपुरती, हा वाद होता. मराठी मनाला नेमणूक म्हणजे वतनासारखी घराण्याची गोष्ट वाटे. कंपनीच्या लेखी ती एका व्यक्तीशी केलेला व्यवहार होती. वतन आणि पेन्शन या दोन कल्पनांतील अंतर इतके ढळढळीतपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि घरोघरच्या सनदा तपासल्या जाऊ लागल्या. १८७१ च्या पेन्शन कायद्याने तर जिल्हाधिकाऱ्याच्या दाखल्याशिवाय अशा नेमणुकांचे दावे दिवाणी न्यायालयात चालणार नाहीत असे ठरवून टाकले. म्हणजे पेन्शन ही सरकारची मेहेरबानी, आणि मेहेरबानीबद्दल न्यायालयात जाता येत नाही. या भूमिकेचा सांधा आपल्या काळापर्यंत येऊन पोहोचतो. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड त्या पीठावर होते. निवृत्तिवेतन हे दान नव्हे, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, ही भूमिका त्या निकालाने पक्की केली. दानाचा हक्क व्हायला शंभरावर वर्षे लागली. तो हक्क पुन्हा ‘निवड’ व्हायला मात्र पंचवीस वर्षेही लागली नाहीत.

टिळकांचे पंचावन्नावे वर्ष

नगरच्या वाङ्मयीन इतिहासात या विषयाला भिडणारे एक प्रकरण आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्याकडे या अंगाने पाहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून नगरला केंद्र केले. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यानंतरचे त्यांचे आयुष्य मुख्यतः नगर-राहुरी परिसरात गेले. बालकवी त्यांच्या घरी राहिले ते याच काळात. मिशनच्या पगारावर घर चालत होते. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कोणालाही हे ‘चालणे’ कसे होते ते सांगायला नको. टिळकांच्या हाती आलेला पैसा घरी पोहोचेलच असा भरवसा लक्ष्मीबाईंना नसे. वाटेत कोणी गरजवंत भेटे, किंवा एखादी वस्तू कवीच्या मनात भरे.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडली, ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि संन्यस्त वृत्तीने राहू लागले. १८६१ चा जन्म. म्हणजे वय पंचावन्न. इंग्रजी अमदानीत सरकारी नोकराने पेन्शनीत निघण्याचे वयही पंचावन्नच. पुण्यातला एखादा मामलेदार ज्या वर्षी पेन्शन सुरू झाल्याच्या समाधानात सदाशिव पेठेत घर शोधत असेल, त्याच वयाच्या वर्षी टिळकांनी ठरलेले उत्पन्न आपण होऊन सोडून दिले. त्यांनी आपला योगक्षेम वाहणारा निवडला होता, आणि तो कोणत्याही मिशनच्या वेतनपत्रकावर नव्हता.

टिळकांच्या या निर्णयातील आध्यात्मिक धैर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण ९ मे १९१९ रोजी, म्हणजे दोन वर्षांच्या आत, टिळक गेले. मागे राहिल्या लक्ष्मीबाई. त्यांचे वय तेव्हा पन्नाशीच्या घरात होते. त्यांना कोणी विचारले होते का? पुढे त्या काही काळ मुलाच्या घरी कराचीस राहिल्या आणि तिथून परतून, आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध झाली. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्र हे एका अर्थी, उत्पन्नाची शाश्वती नसलेल्या संसाराचे हिशेबपुस्तकही आहे. नवऱ्याची निवृत्ती आणि बायकोचे वेतन यांचा संबंध त्यात पानोपानी दिसतो. भार देवावर टाकला असे पुरुष म्हणतो तेव्हा तो पुष्कळदा घरातल्या बाईच्या खांद्यावर जाऊन पडतो, ही गोष्ट लक्ष्मीबाईंनी तक्रारीचा सूर न लावता, हसत हसत दाखवून दिली आहे. निवृत्तिवेतनाच्या अर्जात आज जोडीदाराला हयातभर वेतन चालू ठेवण्याचा पर्याय असतो. तो रकाना भरताना आम्हांला लक्ष्मीबाईंची आठवण होते.

प्रवरेच्या काठचा दुसरा प्रयोग

देव आणि सरकार यांच्यामध्ये तिसरा भारवाहक उभा राहिला तो कंपनीचा. मुंबईत १८७१ साली बाँबे म्युच्युअल आणि १८७४ साली ओरिएंटल या विमा संस्था निघाल्या. मध्यमवर्गीय मराठी माणसाने ‘देणारा निवडणे’ ही क्रिया प्रथम केली ती विम्याच्या निमित्ताने. पण ही निवड डोळस नव्हती. संस्था पुष्कळ निघत, काही बुडत. अखेर १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. १५४ भारतीय विमा कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ भविष्यनिर्वाह संस्था अशा एकंदर २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी महामंडळ अस्तित्वात आले. कालिदासाच्या मेघदूताचा मराठी पद्यानुवाद करणाऱ्या मंत्र्याच्या हातून हे झाले, हे आमच्या वाचकांना आवडावे. (महामंडळ सुरू झाले तेव्हा मात्र देशमुख मंत्रिपदावर नव्हते, मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी जुलैतच राजीनामा दिला होता.) दोनशे पंचेचाळिसांतून निवडण्याची कटकट संपली. पुढे २००० च्या सुमारास खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडेपर्यंत निवडीचा प्रश्न उरला नाही.

याच काळात नेवाशाच्या वरच्या अंगाला, त्याच प्रवरेच्या पाण्यावर, वेगळा प्रयोग चालला होता. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ साली त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. कारखाना आला म्हणजे पगारी कामगार आला, आणि १९५२ च्या कायद्याने त्याचा भविष्यनिर्वाह निधी आला. ज्याच्या बापाला वतन नव्हते आणि आजोबाला बलुतेही पुरत नव्हते, अशा घरात म्हातारपणासाठी दरमहा पैसे कापले जाण्याची ही पहिली वेळ होती. १९७१ साली कुटुंब निवृत्तिवेतन आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू झाली.

या योजनेचे सूत्र साधे आहे : निवृत्तिवेतनार्ह पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. पण पगारावर मर्यादा आहे. १ सप्टेंबर २०१४ पासून ती पंधरा हजारांची. म्हणजे त्यानंतर, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, या मर्यादेतील पगारावर जो योजनेत आला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी बाहेर पडला, त्याची तेरा वर्षे होतात. त्याला जास्तीत जास्त २,७८५ रुपयांच्या आसपास मिळतील. दहा वर्षेही न भरली तर मासिक वेतन नाहीच. जुन्या कामगारांची गोष्ट याहून कठीण, कारण पूर्वीची मर्यादा ६,५०० आणि त्याही आधी ५,००० होती. २०१४ साली किमान वेतन दरमहा १,००० रुपये ठरवण्यात आले. महागाईप्रमाणे या रकमेत आपोआप वाढ होत नाही. ‘योग’ झाला, ‘क्षेम’ राहिले, असे या योजनेबद्दल म्हणता येईल.

१ नोव्हेंबर २००५

शिक्षकांचा इतिहास थोडा निराळा. रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी नगर जिल्ह्यात गावोगाव शाळा नेल्या. त्यांतील शिक्षकांची पहिली पिढी म्हातारपणाच्या तजविजीशिवाय राबली. अनुदानित शाळांना १९६० च्या दशकात आणि महाविद्यालयांना १९८० च्या दशकात निवृत्तिवेतन लागू झाले. त्यामुळे मराठी मध्यमवर्गात ‘पेन्शनीतले मास्तर’ हे पात्र जन्माला आले : सकाळी फिरायला जाणारे, ग्रंथालयात वर्तमानपत्र वाचणारे, व्याख्यानमाला भरवणारे. नगरच्या सांस्कृतिक जीवनाचा मोठा भार या मंडळींनी वाहिला. सार्वजनिक कामाला लागणारा मोकळा वेळ कुठून येतो याचा विचार आपण क्वचितच करतो. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे १९७५ साली सैन्यातून गावी परतले आणि सैन्याच्या पेन्शनीवर स्वतःचा चरितार्थ चालवत गावाच्या कामाला लागले. त्यांच्या पुढच्या राजकारणाबद्दल मते वेगळी असू शकतात. पण मध्यम वयात सुरू झालेले लहानसे निवृत्तिवेतन माणसाला दुसऱ्याच्या दारी न जाण्याचे स्वातंत्र्य देते, एवढे त्यातून दिसते.

१ जानेवारी २००४ पासून केंद्राने आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्राने नव्या कर्मचाऱ्यांसाठी जुनी पद्धत बंद केली. आधी किती मिळेल हे ठरलेले होते आणि त्यासाठी किती लागेल ही सरकारची चिंता होती. आता किती भरायचे हे ठरले आणि किती मिळेल ही कर्मचाऱ्याची चिंता झाली. या तारखेच्या आधी नेमलेले, पण शाळेला पूर्ण अनुदान नंतर मिळालेले शिक्षक अधांतरी लटकले. एकाच शिक्षकखोलीत, एकच इयत्ता शिकवणारे दोघे जण दोन वेगळ्या म्हातारपणांकडे चालू लागले. १४ मार्च २०२३ रोजी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभर संप झाला आणि २० मार्चला मागे घेतला गेला, त्याच्या मुळाशी ही तारीख होती. पुढे १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने एकीकृत योजनेचा पर्याय दिला आणि वीस वर्षे नोकरी झालेल्यांपुढे, ऐन पंचेचाळिशीत, पुन्हा निवडीचा कागद आला.

ज्यांना नोकरीच नव्हती त्यांच्यासाठी १ मे २००९ पासून राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे दार उघडले. प्रवेशाची वयोमर्यादा २०१७ मध्ये पासष्ट आणि २०२१ मध्ये सत्तर झाली. २०१५ ची अटल पेन्शन योजना मात्र चाळिशीनंतर प्रवेश देत नाही. तिच्या तक्त्यातील दोन आकडे बोलके आहेत. साठीनंतर दरमहा ५,००० रुपये हवे असतील तर अठराव्या वर्षी येणाऱ्याला महिना २१० रुपये भरावे लागतात, चाळिसाव्या वर्षी येणाऱ्याला १,४५४. पहिला बेचाळीस वर्षांत एकूण १,०५,८४० रुपये भरतो. दुसरा वीस वर्षांत ३,४८,९६०. मिळकत तीच.

उशिराची किंमत दुसऱ्या रीतीनेही मोजता येते. दरमहा ५,००० रुपये आणि वर्षाला आठ टक्के वाढ असे केवळ गृहीत धरू. पंचेचाळीस ते साठ या पंधरा वर्षांत ९ लाख भरून सुमारे १७ लाख होतात. पंचविसाव्या वर्षी सुरुवात केली असती तर २१ लाख भरून सुमारे १ कोटी १५ लाख झाले असते. भरणा सव्वादोन पटींहून थोडा अधिक, फळ साडेसहा पट. तासिका तत्त्वावर गेलेल्या वीस वर्षांत माणसाचा केवळ पगार बुडत नाही, ही वाढणारी वर्षेही बुडतात. विद्यापीठीय व्यवस्थेच्या कोणत्याही चर्चेत हा तोटा मांडला जात नाही.

रकाना भरताना

आता त्या रकान्याकडे येऊ. निवड एक नसून तीन आहेत, हे आम्हांला बऱ्याच उशिरा उमगले. पैसा गुंतवणारा निधी-व्यवस्थापक ही पहिली. तो पसंत न पडल्यास आर्थिक वर्षातून एकदा बदलता येतो. शेअर आणि रोखे यांचे प्रमाण ही दुसरी; स्वतः ठरवायचे नसेल तर वयानुसार आपोआप ठरणारा मार्ग आहे. त्यांतील मध्यम मार्गात शेअरचा वाटा पस्तिशीपर्यंत पन्नास टक्के असतो आणि नंतर दरवर्षी दोन टक्क्यांनी उतरत पंचावन्नाव्या वर्षी दहावर येतो. म्हणजे पंचेचाळिशीत येणारा माणूस तिसावर सुरू होतो. तिसरी निवड साठीनंतरची : जमलेल्या रकमेचे हयातभर वेतन देणारी विमा कंपनी. पूर्वी किमान चाळीस टक्के रक्कम अशा कंपनीकडे देणे बंधनकारक होते. २०२५ च्या डिसेंबरात बिगर-सरकारी सभासदांसाठी ही सक्ती बरीच सैल करण्यात आली.

पहिल्या दोन निवडी योगाच्या आहेत, तिसरी क्षेमाची. लोक पहिलीपाशी सर्वाधिक घुटमळतात, कारण तिथे नावे असतात, जाहिराती असतात, गेल्या वर्षीच्या परताव्याचे तक्ते असतात. खरे अंतर तिसरीत पडते. आपल्यामागे मूळ रक्कम वारसाला परत हवी की स्वतःला दरमहा अधिक हवे? जोडीदाराला चालू राहावे की नको? पहिली निवड चुकली तर दुरुस्त करता येते. तिसरी साधारणतः कायमची असते. हयातभर मिळणाऱ्या या वार्षिक रकमेला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचे मूळ ‘वर्ष’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. आपल्या जुन्या दप्तरांतला ‘वर्षासन’ हा शब्द अर्थाने अगदी तोच. परिभाषाकोशकारांनी ‘वार्षिकी’ केले. ‘वर्षासन’ राहिले असते तर मराठी माणसाला ही वस्तू परकी वाटली नसती असे आम्हांला वाटते.

निवडीला चौथे अंगही आहे आणि ते नगरकरांना वेगळे सांगावे लागत नाही. निवृत्तीची रक्कम हाती आली की ती ओळखीच्या माणसाच्या, ओळखीच्या इमारतीतल्या संस्थेत ठेवायची, ही इथली रीत. १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. ठेव विम्याचे संरक्षण माणशी पाच लाखांपर्यंत आहे. त्यापुढच्या रकमेसाठी वाट पाहणे येते. शतकाहून जुनी संस्था, म्हणून सुरक्षित, हा तर्क इतिहासप्रेमी माणसाला विशेष भुरळ घालतो. जुनेपणा हा विश्वासाचा एक पुरावा आहे, पण तो एकटा पुरेसा नाही. हिशेब कोण तपासतो, पैसा कोणाच्या ताब्यात राहतो, संस्था बुडाली तर कायदा कुठवर उभा राहतो, हे प्रश्न विचारण्यात अविश्वास नाही. साधनचिकित्सा आपण ग्रंथांची करतो. ती येथेही लागते.

श्रावणबाळ

हे सर्व झाले ते ज्यांच्यापुढे अर्ज येतो त्यांच्याबद्दल. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याचे मध्यम वय कधी सुरू होते? ज्या प्रवरेकाठच्या कारखान्यात कायम कामगाराचा निधी कापला जातो, त्याच कारखान्याला ऊस पोहोचवणारा हा माणूस मुकादमाच्या उचलीवर असतो. त्याच्या खात्यात बचतीऐवजी देणे जमा होत राहते. त्याच्या वाट्याला येते ती राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. पासष्टीनंतर, निराधार असल्याचे दाखले दिल्यावर, २०२३ मधील वाढीनुसार महिना १,५०० रुपये. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांसाठीही १९५४-५५ पासून मानधनाची योजना आहे. संगमनेर भागातील तमाशाकलावंतांना आणि आपल्यातल्याही कोणाकोणाला ती ठाऊक असेल.

‘श्रावणबाळ’ हे नाव विचार करण्याजोगे आहे. आंधळ्या आईबापांची कावड खांद्यावर घेणारा मुलगा. सरकारने त्याची भूमिका स्वतःकडे घेतली. म्हणजे नाव हक्काचे नाही, सेवेचे आहे. नकारा निकालाच्या नाही, १८७१ च्या बाजूचे आहे. आणि ज्या जिल्ह्याला २०२४ साली अहिल्याबाईंचे नाव मिळाले, त्या जिल्ह्यात दानाचा हा वारसा हीन मानण्याचेही कारण नाही. पण दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते. घेणाऱ्याने त्यात काही निवडायचे नसते. हक्कात निवड नसली तरी चालते, कारण ती लागत नाही. आणि आमच्या टेबलावरच्या कागदात हक्क नाही, दान नाही, नुसती निवड आहे. तीन पिढ्यांच्या या प्रवासात आम्ही नेमके काय मिळवले, याचे उत्तर आम्हांला अजून धड देता येत नाही.

आमच्या मित्राने अखेर अर्ज भरला. निधी-व्यवस्थापकाचे नाव लिहायला पाच मिनिटे लागली. वारसाच्या रकान्यापाशी तो जास्त वेळ थांबला आणि मग बायकोला फोन करून तिचे नाव आधार कार्डावर नेमके कसे आहे ते विचारून घेतले. हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होईल. तासिकांचे मानधन वेळेवर आले तर.